कबड्डीसाठी कॉलेज निवडताना

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, कबड्डी चांगली खेळते. पुढच्या वर्षी रत्नागिरीत कॉलेज निवडताना काय पाहावं?
– एक पालक, गुहागर

उत्तर : ट्रॉफ्यांच्या कपाटाला भुलू नका, फार तर त्यांवरची सालं वाचा. कॉलेज आत्ताच, भर पावसात, सरावाच्या वेळी बघून या. मैदानाचा चिखल झाला की सराव छपराखाली मॅटवर होतो, की थेट दिवाळीपर्यंत बंद? महिलांचं क्रीडांगण १२ बाय ८ मीटर. हॉल जेमतेम तेवढाच असेल तर चढाईपटू भिंतीवर आदळते. मॅटचे सांधे हाताने चाचपा. फटीत पाय अडकून घोटा मुरगळतो. प्रशिक्षक रोज येतात की स्पर्धेपुरते, हे सरांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी आणि प्रवासखर्चही त्याच सांगतील. सरावानंतर शेवटची एसटी चुकणार असेल, तर हॉस्टेल आधी बघा.