ध्यानाच्या सुरुवातीला संगीत लावावे का?
ध्यान नुकतेच सुरू केले असताना संगीत लावले तर चालते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ते शब्दांविना आणि तालाविना असावे. ग्वाल्हेरला गाणे शिकताना रियाजाआधी नुसता तानपुरा ऐकत बसण्याचा जो अनुभव आला, त्यावरून हे सांगतो: तानपुऱ्याच्या पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा) या चार तारांचा नाद पुढे कोठेच जात नाही, म्हणून मन त्याच्या मागे धावत नाही, बंदिश (तालात बांधलेली गाण्याची रचना) लावली की मात्र ते समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागते आणि ओळखीचे भजन असेल तर शब्दच गुणगुणू लागते. आवाज इतका मंद ठेवावा की स्वतःचा श्वास जाणवत राहील. विपश्यना ही ध्यानपद्धती करणार असाल तर मात्र संगीत पूर्णपणे टाळावे, कारण तेथे लक्ष श्वासावर आणि शरीरातील संवेदनांवरच ठेवायचे असते.