कबचं दार उघडं ठेवून उडताना

पायपर जे-३ कबमध्ये दार उघडं ठेवून उडायचंय ना? बिनधास्त उड, या विमानात ती रोजची गोष्ट आहे. दार उजवीकडे, दोन भागांचं: वरचा भाग पंखाखाली अडकवायचा, खालचा खाली सोडायचा. वरचा पक्का बसला का, हे हाताने ओढून बघ. दुसऱ्या विमानात मात्र त्याच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

खरी काळजी सुट्या वस्तूंची. टोपी, नकाशा, फोन, सगळं बंद खिशात. एकट्याने उडताना तू मागच्या सीटवर असणार, म्हणून पुढच्या रिकाम्या सीटचा पट्टा निघण्याआधीच आवळून टाक. टोक बाहेर लोंबलं तर विमानाच्या कापडावर सटासट आपटत राहतं.

मला सगळ्यात आवडतो तो दाराचा खालचा भाग! वेग उतरून स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक कमी होण्याची वेळ, जवळ आला की तो आपोआप वर तरंगायला लागतो. तसं दिसलं की नाक खाली घे आणि पॉवर दे. त्याच्या एकट्याच्या भरवशावर मात्र राहू नकोस, वेगावर लक्ष हवंच.

दार हवेत आपटायला लागलं तर आधी विमान सांभाळ. दाराचं नंतर, उंचीवर असताना बघ.