मुलांना 'द कलर ऑफ फ्रेंडशिप' दाखवताना

दहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर थोडं थांबा. २००० सालचा हा दीड तासाच्या आसपासचा सिनेमा वरवर हलकाफुलका असला, तरी गोष्ट १९७७ची आहे आणि दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषी राजवट ठाऊक नसेल तर अर्धा सिनेमा डोक्यावरून जातो. आधी पाच मिनिटं नकाशा घेऊन बसा. १९५०च्या कायद्याने तिथे प्रत्येकाची वंशानुसार नोंद व्हायची आणि कुणी कुठे राहायचं तेही त्यावरून ठरायचं, एवढं पुरे. भाषण नको.

दक्षिण आफ्रिकेतली गोरी मुलगी माहरी विद्यार्थी-अदलाबदलीत अमेरिकेत वॉशिंग्टनला येते तेव्हा तिला यजमान गोरे असतील असं वाटतं, आणि यजमानांच्या काळ्या मुलीला, पायपरला, पाहुणी काळी असेल असं. मुलं इथे हसतात; हसू द्या. खरी मेख आधीच्या प्रसंगांत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या घरची काळी कामवाली फ्लोरा माहरीला मैत्रीण वाटते, पण फ्लोराला काय वाटतं हे तिने कधी विचारलेलं नसतं. तिथे थांबवून मुलांना विचारा. आपल्याकडे कामवाल्या मावशींचा कप वेगळा असतो, तो विषय मुलंच काढतील. काढला तर टाळू नका.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या मृत्यूची बातमी येते तिथे लहानगी गोंधळतात. १२ सप्टेंबर १९७७ला तो पोलीस कोठडीत असताना मेला, हे आधीच सांगून ठेवा. शेवट गोड आहे, जरा जास्तच. मोठ्या मुलांना त्यानंतर सांगा की पायपरचे वडील, अमेरिकी खासदार रॉन डेलम्स, दक्षिण आफ्रिकेवरच्या ज्या निर्बंधांसाठी झगडत होते, त्यांचा कायदा राष्ट्राध्यक्ष रेगनचा नकाराधिकार डावलून १९८६मध्ये झाला.