घंटा ओतण्याआधी दोर धर

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. मेटलर्जी झाली, शिरोलीच्या फाउंड्रीत हात काळे करून झाले, आता इंग्लंडला येऊन चर्चच्या घंटा ओतायला शिकायचं म्हणतेस. ये की! फक्त मिश्रधातूचे जे चार प्रश्न विचारलेस, त्यात तुझं काही अडणार नाही. तांबं साधारण 77 टक्के, कथील 23. एवढ्या कथलाने नाद खणखणीत होतो, पण धातू ठिसूळ होतो. साच्याच्या मातीत वाळू, घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस. साचा भाजताना ते जळतात आणि वायूला बाहेर पडायला वाट होते. आपल्याकडच्या ओतारी म्हाताऱ्यांना हे सांगावंही लागणार नाही.

तुझं अडेल ते झुलण्यापाशी. देवळात घंटा जागची हलत नाही, आपण लोलक हलवतो. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यादेखील आपण अशाच स्थिर टांगल्या. इथे सगळं उलटं. घंटा मोठ्या चाकाला जोडलेली, आणि वाजवण्याआधी तिला तोंड वर करून उभी करतात. दोर ओढला की ती खाली येते, पूर्ण फेरी घेते आणि पुन्हा तोंड वर करून तोलावर येते. वर चढताना तिचा वेग मंदावतो, लोलक मात्र पुढे निघतो आणि काठाच्या जाड भागावर आदळतो. एका फेरीला एकच ठोका. लोलकाची लांबी किंवा वजन चुकलं, तर ठोका उशिरा पडतो, नाहीतर एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळत. घंटा कितीही सुंदर ओतलेली असो, वाजवणारे कंटाळून जातात. शिवाय झुलताना खालच्या चौकटीवर घंटेच्या वजनाच्या जवळजवळ चौपट भार येतो. मनोरा हलतो, पायांना कळतं.

म्हणून माझं ऐक. ओतशाळेत अर्ज करण्याआधी एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये दोर धरायला शीक. शिकवणारे हौशी असतात, पैसे घेत नाहीत. दोरावर लोकरीची जाड पकड असते, तिला सॅली म्हणतात. ती वर जाताना वेळेवर सोडायची, हे पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. घंटा तोलाच्या पलीकडे जाऊ नये म्हणून वर लाकडाचा एक दांडा असतो, स्टे. जोरात ओढलंस तर तो मोडेल. मोडला की दोर ताबडतोब सोडून दे, धरून ठेवलास तर तो तुला छताकडे घेऊन जाईल! जोर लावायचाच नसतो. घंटा तोलावर आली की दोर क्षणभर हलका होतो, तो हलकेपणा हाताला कळायला लागला की लोलक कुठे बसवायचा हे कागदावर लवकर सुचतं.

या हौशी लोकांची चिकाटी बघायची असेल तर एवढंच सांगतो: आठ घंटांचे 40,320 क्रम होतात, आणि 1963 मध्ये इथल्या लफबरो गावच्या घंटांच्या ओतशाळेत आठ जणांनी ते सगळे एका बैठकीत वाजवले. जवळजवळ 18 तास. वेडेच म्हणायचे.

सूर लावायचं काम सावकाश शीक. घंटा आतून लेथवर खरवडतात. काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे नवख्याच्या हाती ते काम देतच नाहीत. नोकऱ्या थोड्या आहेत हेही ध्यानात ठेव. लंडनची व्हाइटचॅपल ओतशाळा 1570 पासूनची, ती 2017 मध्ये बंद पडली. युरोपातही चौकशी कर, ऑस्ट्रियात इन्सब्रुकचं ग्रासमायर कुटुंब 1599 पासून घंटा ओततंय. लोलक हल्ली एसजी आयर्नचेही, म्हणजे गोलसर ग्रॅफाइट असलेल्या चिवट ओतीव लोखंडाचेही करतात, ते तर तुझ्या रोजच्या कामातलं. अर्जात ठळक लिही.

विमान मुंबईहून आहे ना? मग आधी कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जा. तिथल्या आठ घंटा 1904 मध्ये लफबरोहूनच आल्या. वर चढायची परवानगी माग. मिळाली तर घंटांना चाकं आहेत की नुसते हातोडे आहेत, एवढं नीट बघ आणि मला कळव.

तुझा,
काका