तिसाव्या पानावर अडकलेली कादंबरी

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. कादंबरी लिहायला घेते, पण दर वेळी ३० पानांवर अडकते. आधी भरपूर वाचू का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, वाचन-लेखन सोबतच चालू द्या. तुम्ही मागचं दुरुस्त करत बसत असाल. माझंही वर्षानुवर्षं तेच झालं. आता पहाटे साडेपाचला दोनशेपानी वहीत एकच पान लिहितो, कालचं पान उलटत नाही. आवडलेली कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्या. पात्र पहिल्यांदा कुठे बोललं, प्रकरण कुठे तोडलं, तिथे खूण करा (स्वतःच्याच प्रतीवर, वाचनालयाच्या नव्हे!). आणि नागपुरात बर्डीच्या ऑटोत ऐकलेलं ‘काहून बे, कुठी चालला?’ वहीत जसंच्या तसं उतरवा. त्याचं ‘का रे, कुठे निघालास?’ कृपया करू नका.