सासूबाईंची कुरडई कोणत्या यादीत?

मे २०२०, कोरोनाची टाळेबंदी चालू, आणि या आठवड्यात पाच पत्रं आली. त्यातली चार मी शेवटी घाईघाईने उरकणार आहे, आधीच सांगून ठेवते, मागून रुसू नका. बाकी सगळी जागा इंग्लंडातल्या रेडिंगच्या सूनबाईंची, कारण त्यांनी नेमकं माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय.

त्या लिहितात: "ताई, सासूबाई भुसावळला एकट्या असतात. वय ७१, बीपीची गोळी चालू आहे. आम्ही रोज दोनदा व्हिडिओ कॉल करून समजावतो. तरी परवा त्यांनी चार किलो गहू भिजत घातले आणि तिसऱ्या दिवशी ते ओले गहू दळायला गिरणीवर जाऊन आल्या! मास्क हनुवटीवर. वर शेजारच्या दोघींना कुरडया पाडायला बोलावलंय म्हणाल्या. जग कुठे चाललंय आणि यांना कुरडयांची चैन सुचते. अत्यावश्यक काय नि काय नाही, एवढं साधं कळू नये? मी रागाने फोन ठेवला. आता दोन दिवस त्या फोनच उचलत नाहीत."

अगं, तुझी काळजी खोटी नाही. जळगाव जिल्हा या महिन्याच्या सुरुवातीच्या यादीत रेड झोनमध्ये आलाय. विमानं मार्चपासून बंद. परवा ७ तारखेपासून भारत सरकारची विमानं सुटायला लागली, पण ती परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांना घरी न्यायला. उद्या सासूबाईंना काही झालं तर आपण इथून फक्त फोन करू शकतो. या विचाराने मलाही रात्री दोन-दोन वाजता जाग येते. तेव्हा तू घाबरलीस, इथपर्यंत मी तुझ्या बाजूने.

पण "चैन" हा शब्द तू लिहिलास ना, तिथे मी पत्र बाजूला ठेवून चहा करायला उठले.

मला सांग, अत्यावश्यक वस्तूंची यादी कोणी करायची? इथे इंग्लंडात २३ मार्चच्या रात्री घरात बसायचं फर्मान निघालं. चालू राहणाऱ्या दुकानांत वाणसामान होतं, औषधं होती, सायकलची दुकानंसुद्धा होती. दोन दिवसांत दारूची दुकानंही त्या यादीत येऊन बसली. पुस्तकांची बंदच राहिली. इस्टरच्या तोंडावर काही छोट्या दुकानदारांना चॉकलेटची अंडी विकू नका म्हणून दटावलं गेलं. मग सरकारला सांगावं लागलं की बाबांनो, दुकान उघडं आहे तर त्यातलं काहीही विका. आपल्याकडे तर त्याहून मजा. पंख्यांच्या दुकानांना परवानगी द्यायची हे दिल्लीला सुचलं २१ एप्रिलच्या आदेशात. म्हणजे तोवर भुसावळच्या एप्रिलात पंखा चैनीचा! ज्याने ती पहिली यादी केली तो भुसावळच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपला नसणार, एवढंच मी म्हणेन.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. मार्चअखेरीला आमच्या ह्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला, डावीकडे गरज, उजवीकडे चैन. माझं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ उजवीकडे गेलं, कारण म्हणे गव्हाच्या पोळीवर भागतं. त्यांची नाश्त्याची अमुकच कंपनीची बिस्किटं डावीकडे, कारण "ती तर लागतातच". मी काही बोलले नाही. मग एप्रिलात दुकानांतून गव्हाचं पीठच गायब झालं. पीठ होतं हो, गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, पण घरगुती छोट्या पिशव्या भरणारी यंत्रं पुरी पडेनात. आम्ही इंग्लंडात दीड किलो पिठासाठी दोन-दोन मीटर अंतर सोडून रांगेत, आणि तुझ्या सासूबाईंच्या कोठीत वर्षाचा गहू कडुनिंबाचा पाला घालून भरलेला. यातलं शहाणं कोण, ते तूच ठरव.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुझ्यासारखीच आहे, किंबहुना जास्त वाईट. माझी आई अमळनेरला असते. वय ७८. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, ज्वारी दळायला निघाली असं कळलं, आणि मी चुलतभावाच्या मुलाला फोन करून फाटकाला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. किल्ली त्याच्याकडे. दूध-भाजी फाटकावरून द्यायची. मला वाटलं, काय छान बंदोबस्त केला! आईने आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "पोरी, मी काय जेलमा शे का?" आणि चार दिवस फोन बंद.

पाचव्या दिवशी त्याच भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. आई गच्चीवर. वडिलांचं जुनं धोतर अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर विटा, आणि त्यावर बिबड्या. ज्वारी तिने घरातच मिक्सरला लावली होती, जाडीभरडी, आणि शिजवली होती तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून. एकटीने. एरवी चौघी असतात. एक घोटणारी, दोन थापणाऱ्या, एक ओलं फडकं उचलून उलटं टाकणारी. ते फडकं सोलताना बिबडी फाटू न देणं हीच त्यातली कला. एकटीने करताना निम्म्या फाटल्या होत्या, तरी तिने त्या कडा जुळवून नीट मांडल्या होत्या. शेजारच्या गच्चीवर काकू मोरीच्या भिंतीपलीकडून सूचना देत होत्या, तोंडाला पदर. मधे चांगलं पंधरा फूट अंतर. दोघी हसत होत्या. महिनाभरात तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच्या फोनवरून.

कुलूप मी त्याच दिवशी काढायला लावलं.

आता सूनबाई, तुझी एक गंमत सांगू? दरवर्षी भुसावळहून परतताना तुझ्या बॅगेत काय असतं? कपड्यांच्या घडीत गुंडाळलेल्या कुरडया, चुरा होऊ नये म्हणून मधोमध. बिबड्या, उडदाचे पापड, शेवया. वजन जास्त भरलं की विमानतळावर चपला बाहेर निघतात, डबा निघत नाही. खरं की नाही? पाव्हणे आले की तळतेस, "आमच्याकडच्या" म्हणून मिरवतेस. तोवर ती चैन नव्हती. यंदा न्यायला कोणी येणार नाही हे सासूबाईंना ठाऊक नाही असं वाटतं का तुला? त्या तरीही करताहेत. चार किलो गव्हाच्या कुरडया एकटी बाई खाते कधी!

तेव्हा रागवायचंच तर नेमक्या जागी रागाव. कुरडईने कोणाला काही होत नाही. धोका आहे तो गिरणीवरच्या रांगेत, आणि एका परातीभोवती तिघी बसतात त्यात. तेवढं सोडव, बाकीचं त्यांना करू दे.

गिरणी टाळायला भिजलेले गहू घरीच मिक्सरला लावता येतात. पाणी घालून, थोडे थोडे, आणि दोनदा गाळून घ्यायचे. वेळ लागतो, पण त्यांच्याकडे सध्या वेळच वेळ आहे. पुढच्या खेपेला चार किलो नको, एक किलो. चीक रात्रभर निवळतो, सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढरा घट्ट गोळा. शिजवताना मात्र हात लागतो. उकळत्या पाण्यात चीक ओतून न थांबता ढवळायचं, नाहीतर गुठळ्या धरतात, आणि एक किलोलाही खांदा भरून येतो. म्हणून एक किलो. सोऱ्या त्या स्वतः दाबतील. शेजारणींना बोलवायचंच तर त्यांनी आपापल्या गच्चीवर आपापल्या पाडाव्यात, गप्पा गच्चीवरून. उडदाचे पापड यंदा राहू देत. ते खरंच चार हातांचं काम आहे, आणि लाट्यांना सगळ्यांचे हात लागतात. हे तू नको सांगूस, नवऱ्याला सांगू दे. मुलाचं ऐकतात, सुनेचं लागतं. आमच्याकडेही तेच.

आणि सकाळी सात-साडेसातला पाडून मोकळं व्हायला सांग. दहानंतर ते ऊन ७१ वर्षांच्या बाईचं नव्हे. बीपीची गोळी घेऊन गच्चीवर चक्कर आली तर विषाणूची गरजच नाही.

तुझी मुलं घरीच आहेत ना, शाळा बंद? त्यांना राखणीला बसव. आपण लहानपणी काठी घेऊन वाळवणाची राखण करायचो आणि अर्धा ओला चीक स्वतःच फस्त करायचो, तशी. आम्ही हा प्रयोग केला. आईच्या गच्चीवर खुर्चीत फोन, इकडे मँचेस्टरला माझा सात वर्षांचा नातू. कावळा आला की हा ओरडणार, फोनमधून आवाज गेला की कावळा उडणार. दोन वेळा उडालाही. तिसऱ्यांदा फोनच तापून बंद पडला, कारण आम्ही शहाण्यांनी तो भर उन्हात ठेवला होता. तुम्ही जिन्याच्या सावलीत ठेवा. कावळा नाही उडाला तरी आजीला नातवंडांचं ओरडणं ऐकू जातं.

आज त्या फोन उचलतील. उचलला की मास्कचं पहिल्या वाक्यात काढू नकोस. चीक कसा उतरला ते विचार.

उरलेल्यांना थोडक्यात.

न्यू जर्सीच्या ताई, आखाजी (अक्षय्य तृतीया) २६ एप्रिलला होऊन गेली, जळगावची सराफ बाजारपेठ बंद होती, तुम्ही ऑनलाइन नाणं घेतलंत नि नवऱ्याने अबोला धरला. नाणं कुठे जात नाही. नवराही सध्या कुठे जात नाही. दिवाळीपर्यंत मिटेल.

दुबईच्या भाऊंना मात्र गंभीरपणे सांगते. पगार निम्मा झाला असेल तर धुळ्याच्या घराचा स्लॅब थांबू द्या, आईवडिलांना खर्च पाठवणं थांबवू नका, आणि पगार कापलाय हे त्यांना खरं सांगा. त्यांनी दुष्काळ पाहिलेत, ते तुमच्यापेक्षा कमी घाबरतील. घरकामाच्या मावशींचा पगार द्यायचा का, त्या येतच नाहीत, असं मेलबर्नहून विचारलंय. द्यायचा. यात विचारण्यासारखं काय आहे मला कळलं नाही.

टोरांटोचे भाऊ म्हणतात, बायकोने हट्टाने घेतलेली पळायची मशीन ही शुद्ध चैन, तिच्यावर आता फक्त कपडे वाळतात. मग भांडता कशाला? उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असतात. मशीन खिडकीपासून जरा आत सरकवा, पट्ट्यावर स्वच्छ धोतर किंवा चादर अंथरा, आणि पंखा लावू नका, कडा वळतात. तुम्ही दोघंच आहात, लाटायला दोन माणसं पुरतात, फक्त अर्ध्या किलोच्या वर जाऊ नका.