एलडीएल आनुवंशिक असेल तर गोळ्यांचा उपयोग होतो का?

वय ३४, अंगाने सडपातळ, रोजचा व्यायाम, तरी एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) २१० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वडिलांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक. "जीन्समध्येच आहे, तर औषधाने काय होणार?" असं तुम्ही विचारलंय. उपयोग होतो, आणि चांगलाच होतो.

१९०च्या वर एलडीएल आणि घरात कमी वयातला हृदयविकार असेल, तर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाची (घराण्यात चालत आलेल्या जादा कोलेस्टेरॉलच्या आजाराची) शंका घ्यायलाच हवी. साधारण २५० जणांत एकाला तो असतो. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. त्यांच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की एलडीएल रक्तातच साचतं. स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीमुळे) यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं, मग यकृत चांगल्या प्रतीवरून जादा रिसेप्टर तयार करतं.

पीसीएसके९ हे प्रथिन हेच रिसेप्टर नष्ट करतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, या प्रथिनाच्या जीनची एक प्रत जन्मतःच निकामी असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल २८ टक्केच कमी होतं, पण हृदयरोग ८८ टक्के कमी! कारण धमन्यांना जन्मापासूनच कमी एलडीएल सोसावं लागलं. म्हणून उपचार जितके लवकर, तितके बरे.

आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) पुन्हा करा, पण आजारपणात किंवा ऑपरेशननंतर लगेच नको; तेव्हा एलडीएल खोटं कमी दिसतं. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या आणि लघवीतलं प्रथिन पाहा, कारण मंदावलेल्या थायरॉइडनेही एलडीएल चढतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४००च्या वर असेल तर हिशेबाने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नका, थेट मोजून घ्या. लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच धमन्यांना घातक कण, आयुष्यात एकदा तपासाच. ते बहुतांशी जीन्सच ठरवतात, स्टॅटिनने ते उतरत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघालं तर एलडीएलचं लक्ष्य आणखी खाली ठेवावं लागतं. एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) उत्तम आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली तरी सुटका नाही. जीन्समधल्या शेकडो बारीक फरकांची बेरीजही एलडीएल वाढवते, आणि धमनीला कारणाशी देणंघेणं नसतं.

स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, म्हणून बरेचदा जोडीला इझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी) देतात. ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. काही आठवड्यांत आकडा मूळपदावर येतो.

आणि भावंडांची, मुलांची तपासणी करून घ्या. दोष सापडला, तर प्रत्येकात तो असण्याची शक्यता ५० टक्के असते.